घाम येणं वेगळं, घाम वाळणं वेगळं : शरीराच्या तापमानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात मी तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर प्रश्नांतून सुटका होईल असं वाटलं होतं, पण रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढणारी आमची टोळी, वाचनालयातले पेन्शनर आणि आता बापे-बाया झालेले माझे विद्यार्थी काही सोडत नाहीत. मार्च उजाडला की उन्हाचे प्रश्न, डिसेंबरात थंडीचे. आमचा जिल्हाही तसाच आहे. एकाच मे महिन्यात म्हसवडला जमीन भाजत असते आणि महाबळेश्वरला रात्री स्वेटर शोधावा लागतो. माणसं मात्र दोन्हीकडची सारखी आणि त्यांच्या जिभेखालचा पाराही सारखा. तो सारखा कसा राहतो, एवढ्याच गोष्टीभोवती बहुतेक प्रश्न फिरतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं आणि डोस त्यांनाच विचारा.

शरीराचं 'नॉर्मल' तापमान नेमकं किती?

३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, असं आपण घोकलेलं असतं. हा आकडा आला कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरकडून. त्याने सुमारे २५ हजार रुग्णांच्या लाखो नोंदी घेतल्या आणि १८६८ मध्ये पुस्तक छापलं. त्याने सांगितलं ते गोळाबेरीज ३७. त्याचं फॅरनहाइट केल्यावर ९८.६ असा दशांशातला आकडा आला आणि तो फारच काटेकोर असल्याचा भास झाला. नंतरच्या मोजण्यांत सरासरी थोडी कमी, ९८.२ च्या आसपास भरते.

पण खरी गोष्ट अशी की हा आकडा दिवसभर हलत असतो. नववीच्या मुलांना मी दरवर्षी एक काम द्यायचो : पहाटे उठल्याउठल्या आणि संध्याकाळी पाचला जिभेखाली थर्मामीटर ठेवून आकडा वहीत लिहायचा. निम्मी मुलं पहाटे उठायचीच नाहीत आणि आकडा ठोकून द्यायची, ते ओळखू यायचं. ज्यांनी खरोखर मोजलं त्यांच्या वहीत संध्याकाळचा आकडा अर्ध्या अंशाने चढा असायचा. शरीर पहाटे चार ते सहाच्या सुमाराला सगळ्यात थंड असतं आणि संध्याकाळी सगळ्यात गरम. म्हणून संध्याकाळी ९९ दिसलं की लगेच घाबरायचं कारण नाही. काखेतला आकडा जिभेखालच्यापेक्षा थोडा कमी येतो, हेही ध्यानात असू द्या. बायकांमध्ये बीज सुटल्यानंतर पुढची पाळी येईपर्यंत तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशाने वर राहतं. तो ताप नसतो.

काही काम न करता नुसतं बसलं तरी शरीर गरम का राहतं?

कारण चूल विझतच नाही. काळीज, यकृत, मेंदू, मूत्रपिंडं यांचं काम अहोरात्र चालतं आणि त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ६० किलोचा माणूस निवांत बसलेला असताना तासाला ६०-७० किलोकॅलरी उष्णता तयार करतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या भाषेत सांगायचं तर ७०-८० वॅट. लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे माणसं म्हणजे पाचशे बल्ब.

आता हिशोब करा. ६० किलोचं शरीर एक अंश तापायला साधारण ५० किलोकॅलरी लागतात. ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर नुसतं बसल्याबसल्या तासाला एक अंशाहून जास्त ताप चढेल. चार तासांत माणूस संपला. आणि चढायला लागलात तर विचारूच नका. समजा, तुम्ही ३०० मीटरचा चढ चढलात. स्नायू खर्च करतात त्यातला जेमतेम पाव हिस्सा कामाला लागतो, उरलेल्या पाऊण हिश्श्याची उष्णता होते. नुसत्या त्या चढाने सव्वाशे किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती आत साठली तर गडावर पोचेपर्यंत अडीच अंश ताप! दरवर्षीच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट पळत चढणारी पोरं बघा. थंडगार हवेतही त्यांचे बनियन पिळून काढण्यासारखे झालेले असतात.

ही उष्णता बाहेर जाते कशी?

शाळेत शिकवलेल्या तीन वाटा आठवा : वहन, अभिसरण, प्रारण. गार फरशीवर आडवं पडलात की वहन. वाऱ्याची झुळूक आली की अभिसरण. आणि काहीही न शिवता शरीर भोवतालच्या गार वस्तूंकडे उष्णता फेकत असतं ते प्रारण. साधारण खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाची निम्म्याहून जास्त उष्णता याच तिसऱ्या वाटेने जाते.

या तिन्हींची एक अट आहे. भोवतालचं जग तुमच्या कातडीपेक्षा गार हवं. कातडी असते ३३ ते ३५ अंशांवर. हवा ३८ झाली की या तिन्ही वाटा उलट्या वाहू लागतात आणि बाहेरची उष्णता अंगात शिरते. तेव्हा एकच दार उघडं राहतं, घामाचं. एसीसारखा आत गारवा तयार करणारा अवयव आपल्याकडे नाही. शरीराला फक्त उष्णता फेकता येते, आणि उन्हाळ्यात ती फेकायची किंमत पाण्यात मोजावी लागते.

आत लक्ष कोण ठेवतं?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. त्याच्यापाशी येणारं रक्त किती गरम आहे ते तो स्वतः बघतो आणि कातडीतल्या मज्जातंतूंकडून बाहेरच्या बातम्याही घेतो. मग हुकूम सुटतात. गरम झालं तर कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करा, घाम सोडा. गार झालं तर वाहिन्या आवळा, स्नायू थरथरवा. शिवाय एक हुकूम तुम्हाला सुटतो : सावलीला जा, पांघरूण घे. तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक असतो. आपण मात्र मुहूर्त, मॅच आणि मोबदला यांच्यापायी नेमका तोच मोडतो.

झणझणीत मिसळ खाल्ली की कपाळावर घाम का फुटतो? तोंड तर भाजलेलं नसतं.

भाजलेलं नसतं, पण मेंदूला तसंच कळवलं जातं. उष्णता ओळखणारा एक प्रथिनाचा दरवाजा आपल्या मज्जातंतूंवर असतो. तो साधारण ४३ अंशांच्या वर उघडतो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच दरवाजाची कडी काढतं. हे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं. पुदिन्यातलं मेंथॉल तसंच गारव्याचा दरवाजा उघडतं. ते ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी वेगवेगळं शोधलं आणि स्पर्श-तापमानाच्या या कामाबद्दल २०२१ चं नोबेल दोघांना मिळून गेलं. म्हणजे तर्री ओतलेल्या मिसळीने मेंदू फसतो आणि आग लागली समजून बंब पाठवतो. तो बंब म्हणजे कपाळावरचा घाम.

घाम आला की गार वाटतं, ते पाण्यामुळेच ना?

इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घाम निघतो तेव्हा अंगाइतकाच कोमट असतो. तो नुसता आल्याने काहीही गार होत नाही. तो वाळतो तेव्हा, म्हणजे पाण्याची वाफ होताना, लागणारी उष्णता कातडीतून ओढून घेतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. वरच्या हिशोबाने ६० किलोचं अख्खं शरीर अकरा-साडेअकरा अंशांनी गार होईल एवढी! पण तोच लिटर कपाळावरून टपटप गळून मातीत पडला, तर त्याचा उपयोग शून्य. मीठ-पाणी गेलं ते गेलंच.

घरातला माठ बघा. नवा माठ झिरपतो, बाहेरून ओलसर राहतो, वाऱ्याच्या तोंडी ठेवला की पाणी सुरेख गार होतं. दोन उन्हाळे गेले, क्षारांनी भोकं बुजली, की तोच माठ नुसती मातीची घागर होतो. आई अशा माठाला 'आंधळा झाला' म्हणायची. आमच्या कातडीवर अशी वीस ते चाळीस लाख झिरपणारी भोकं आहेत.

यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग अडीचशे वर्षांपूर्वीचा आहे. चार्ल्स ब्लॅगडेन नावाचा इंग्रज आपल्या मित्रांबरोबर एका तापवलेल्या खोलीत शिरला. पुढे पुढे खोलीची हवा २६० फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ १२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेली. हवा कोरडी होती. आत ठेवलेला मांसाचा तुकडा शिजला आणि माणसं काही मिनिटांनी चालत बाहेर आली, अंगाचा ताप जवळजवळ होता तेवढाच. त्यांनी दोन भांड्यांत पाणीही ठेवलं होतं. एकावर थोडं तेल सोडलं, दुसरं उघडं. तेलाचं पाणी उकळलं, उघडं उकळेना, कारण उघड्या पाण्याची वाफ होत राहून ते स्वतःला गार ठेवत होतं. हे सगळं १७७५ मध्ये छापून आलं. घाम म्हणजे ते उघडं भांडं. तेल म्हणजे दमट हवा, अंगाला चिकटलेलं नायलॉन, बंद मांडव. (खोलीचा प्रयोग घरी करू नये. भांड्यांचाही नको, स्वयंपाकघरातून तक्रार येते.)

आमच्याकडे ३८ ला माणूस शेतात उभा राहतो, आणि चिपळूणला ३३ ला जीव नकोसा होतो. असं का?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मी दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगले होते. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळलेली, तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात. मेच्या दुपारी कोरडा ३८ दाखवायचा आणि चिंधीवाला २२. सोळा अंशांचा फरक! चिंधीचं पाणी भराभर वाळत असायचं. जूनमध्ये पाऊस लागला की कोरडा २९ आणि चिंधीवाला २६. आकडा उतरला तरी मुलं जास्त घामेजलेली.

तुमची कातडी ही ती ओली चिंधी आहे. हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर घाम वाळायला जागाच नाही. ओल्या चिंधीचा पारा ३५ ला पोचला तर धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसून काही तासांपलीकडे टिकणार नाही, असा हिशोब २०१० मध्ये मांडला गेला. नंतर तरुण माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले तेव्हा शरीराचा तोल दमट हवेत ३०-३१ लाच सुटू लागलेला दिसला. म्हणून बातम्यांतला नुसता कमाल तापमानाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

पंखा हवा गार करतो का?

नाही. पंखा घाम वाळवतो. अंगाभोवती साठलेली दमट हवा ढकलून कोरडी हवा आणतो, एवढंच. अंग पूर्ण कोरडं असेल आणि हवा ४० च्या वर गेली असेल, तर पंखा उलट भट्टीची झळ अंगावर मारतो. अशा वेळी ओला पंचा खांद्यावर टाका, मग पंखा लावा.

उन्हाळ्यात गरम चहाने खरंच गार वाटतं?

वाटू शकतं, आणि ते निव्वळ व्यसन लपवण्यासाठी नाही. गरम घोट पोटात गेला की घाम थोडा जास्त सुटतो, आणि तो जास्तीचा घाम वाळला तर चहाने दिलेल्या उष्णतेपेक्षा जास्त उष्णता बाहेर जाते. अट तीच, वाळला तर. पोवई नाक्यावर वाऱ्याला उभं राहून प्यालात तर जमेल, बंद खोलीत नाही.

लग्नात, रांगेत, झेंडावंदनाला माणसं धाडकन का पडतात? ऊन तर लागलेलं नसतं.

फलटणकडचं आमच्या नात्यातलं लग्न. वैशाख, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. कार्यालय म्हणजे पत्र्याची शेड, आतून सगळीकडे गुलाबी कापड लावून झुळूक यायची सोय बंद केलेली, आणि कूलरमधलं पाणी सकाळीच संपलेलं. व्यवस्थापकाला दोनदा सांगून उपयोग झाला नाही. मुलीचे मामा कोट आणि फेटा घालून तिच्या मागे उभे होते. मंगलाष्टकांना उत्साही मंडळी फार, एकाचं झालं की दुसऱ्याने माईक ओढायचा. पाचवं की सहावं कडवं चाललं असताना मामांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते गुडघ्यात वाकले. दोघांनी बखोटीला धरून त्यांना उभं केलं, एकाने खुर्ची आणली, तिसरा कांदा शोधायला पळाला. उभं केल्यावर डोळे पुन्हा फिरले.

झालं काय होतं? उकाड्यात शरीर कातडीकडे रक्त वळवतं, म्हणजे आतली उष्णता बाहेर आणून टाकता येते. एरवी मिनिटाला पाव लिटरच्या आसपास असणारा कातडीचा रक्तपुरवठा कडक उष्म्यात सहा-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. त्यात माणूस तासभर न हलता उभा, म्हणजे रक्त पायांत उतरलेलं. पोटऱ्यांचे स्नायू हलले तर ते रक्त वर ढकलतात, पण मामा बिचारे अक्षता धरून खांबासारखे उभे. मेंदूला रक्त कमी पडलं आणि भोवळ आली.

पडणं हाच खरा त्याचा उपाय असतो, कारण आडवं झालं की रक्त मेंदूकडे येतं. म्हणून अशा माणसाला बखोटीला धरून उभं करू नका, खुर्चीतही बसवू नका. आडवा करा, पाय उशीवर किंवा पिशवीवर उंच ठेवा, कोट-फेटा काढा, वारा घाला. मामा जमखान्यावर आडवे पडल्यावर दोन मिनिटांत बोलायला लागले, आणि पहिलं वाक्य होतं, "अक्षता पडल्या का?" पाच-दहा मिनिटांत माणूस पूर्ण ताळ्यावर आला नाही, छातीत दुखतंय म्हणाला किंवा पडताना डोकं आपटलं असेल, तर मात्र दवाखाना.

मग उष्माघात कशाला म्हणायचं?

आतला पारा ४० च्या वर गेला आणि माणूस बरळायला लागला, वेड्यासारखं वागू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. 'अंग कोरडं पडलं तरच उष्माघात' असं बरेच जण धरून चालतात, ते खरं नाही. ऊस तोडताना, पळताना, भरतीची तयारी करताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. खूण घामाची नाही, डोक्याची. नीट बोलणारा माणूस असंबद्ध बोलू लागला की वेळ घालवू नका.

१०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तिथेच गार करायला लागा. सावली, कपडे सैल, अंगावर मिळेल तेवढं पाणी, जोरात वारा. बर्फ असेल तर मान, काखा, जांघा. जवान-पैलवान गडी असेल आणि धरायला माणसं असतील तर डोकं वर ठेवून सरळ पाण्याच्या हौदात बसवा. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं.

त्याला तापाची गोळी द्यायची का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण याच्या उत्तरात ताप म्हणजे काय ते कळतं.

गिझरची चकती डोळ्यांपुढे आणा. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमसची चकती ३७ वरून समजा ३९ वर फिरवतं. आता शरीर ३७ वर आहे, पण मेंदूला ३९ हवेत. म्हणजे मेंदूच्या हिशोबाने आपण गारठलेले! म्हणून हुडहुडी भरते, दात वाजतात, हातपाय गार पडतात, दोन गोधड्या कमी पडतात. ३९ गाठले की थंडी थांबते. पुढे चकती खाली फिरली की मेंदूला वाटतं आपण तापलोय, आणि दरदरून घाम फुटून ताप उतरतो. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन कमी करून चकती खाली आणतं.

उष्माघातात चकती ३७ वरच असते. मेंदू जीव तोडून गार करायला बघतोय, पण उष्णता बाहेर जात नाही. फिरवलेली चकतीच नाही तर गोळी फिरवणार काय? उलट आधीच घायकुतीला आलेल्या यकृतावर आणखी ओझं.

तापात कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या? की कोलन वॉटरच्या?

मिठाने काही फरक पडत नाही. कोलन वॉटरमध्ये अल्कोहोल असतं, ते पाण्यापेक्षा लवकर उडतं, म्हणून थोडं जास्त गार लागतं आणि वासाने बरं वाटतं. लहान मुलांच्या अंगाला मात्र स्पिरिट वगैरे चोळू नये. बर्फाच्या पाण्याने पुसलं तर हुडहुडी आणखी वाढते, कारण चकती अजून वरच असते. साधं किंवा कोमट पाणी पुरे.

किती पाणी प्यायचं? गूळ-पाणी चालतं का?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा देणं चूक आहे. ऑफिसात बसलेल्या कारकुनाला आणि कोयता चालवणाऱ्याला एकच माप कसं लावणार? कडक उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर, कधी त्याहून जास्त घाम जातो. माझा नियम साधा आहे. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक. चहाच्या रंगाकडे जायला लागली की आपण मागे पडलोय.

गूळ-पाणी ही आमच्याकडची फार जुनी आणि शहाणी चाल. उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा आणि तांब्या. पण घामातून साखर जात नाही, मीठ जातं. आतड्यात मीठ आणि साखर एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि पाठोपाठ पाणी येतं. म्हणून त्यात मिठाची चिमूट टाका, काम चोख होतं. जुलाब-उलट्या झाल्यावर घरी करायचं झालं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याने. मधुमेहवाल्यांनी आणि रक्तदाबवाल्यांनी आपापल्या डॉक्टरांना विचारून. मीठ भरून न काढता नुसतंच घटाघटा पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, फारच झालं तर झटके येतात. दिवसभराच्या राबण्यानंतर रात्री पोटऱ्यांत वांब येतात तेव्हाही ताकात मीठ घालून प्यायला काय हरकत आहे?

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही?

कांदा खिशात राहतो, ऊन डोक्याला लागतं. टोपी घाला.

'अंगात उष्णता झाली' म्हणतात तेव्हा खरंच तापमान वाढलेलं असतं?

थर्मामीटर लावून बघा, आकडा नेहमीचाच असतो. आपल्या बोलण्यातली 'उष्णता' आणि पाऱ्याची उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाळी लागणं, तोंड येणं, घोळणा फुटणं, डोळ्यांची आग, हातापायांची काहिली, या सगळ्याला मिळून आपण उष्णता म्हणतो. पपई किंवा अंडं खाल्ल्याने आतला पारा चढत नाही. जेवल्यावर पचनाची म्हणून थोडी उष्णता होते, ती कुठल्याही जेवणाने होते.

म्हणून काही मी आजीला खोटं पाडत नाही. तिची औषधं बघा : ताक, सब्जाचं पाणी, कोकम सरबत, वाळ्याचं पाणी. सगळ्यांत पाणीच. उन्हाळी लागते ती पुष्कळदा पाणी कमी पडून लघवी दाट झाल्याने, आणि तिथे आजीचं औषध लागू पडतं. नाव चुकलं, उपाय बरोबर आला. दोन दिवसांत जळजळ थांबली नाही किंवा थंडी वाजून आली, तर मात्र सब्ज्यावर भागवू नका. लघवी तपासून घ्या.

उन्हाची सवय होते का?

होते, आठवड्या-दोन आठवड्यांत. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि कमी खारट येतो, रक्तातलं पाणीही वाढतं. मुंबईला एसीत बसणारा पुतण्या मेमध्ये सुट्टीला येऊन पहिल्याच दिवशी पोती उचलायला धावतो आणि संध्याकाळी ओकतो, त्याला ही मुदत मिळालेली नसते. पहिल्या दिवशी तासभर, मग वाढवत जा. दोन-तीन आठवडे सावलीत काढले की सवय उतरतेही.

शेतातल्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात. शहरातल्या पाहुण्यांना वाटतं, एवढ्या उन्हात आणखी कपडे? पण सैल सुती शर्ट उन्हाची झळ अडवतो आणि घामाने भिजला की चिंधीवाल्या थर्मामीटरसारखा वागतो. पोरांच्या अंगातली ती चकचकीत घट्ट जर्सी त्याच्यापुढे काहीच नाही. आणि म्हशीकडे बघा. काळं कातडं, घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी. म्हणून ती दुपारी डबक्यात जाऊन बसते, घाम बाहेरून उसना घेते.

महाबळेश्वरला थंडीत अंगावर काटा येतो, त्याचा काय उपयोग?

आता काहीच नाही. केसाच्या मुळाशी बारीक स्नायू असतो, तो आवळला की केस उभा राहतो. अंगावर दाट केस असलेल्या प्राण्यांत त्यामुळे हवेचा थर अडकून ऊब राहते. आपले केस गेले, स्नायू राहिले. थरथरण्याचा मात्र उपयोग आहे. काम काही न करता स्नायू आकसतात-सैलावतात, त्यामुळे सगळी शक्ती उष्णतेत जाते आणि उष्णतेचं उत्पादन काही पटींनी वाढतं.

दारूने ऊब येते हा वेण्णा तलावाकाठचा लाडका गैरसमज. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं, कातडीला ऊब 'वाटते' आणि तीच ऊब हवेत निघून जाते. आतला पारा उतरतो. आणि थंडीत सारखं लघवीला का लागतं, तर हातापायांच्या वाहिन्या आवळल्याने रक्त मधल्या भागात गोळा होतं. मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालंय.

म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं?

उतारवयात तहान मंदावते आणि घामही उशिरा येतो. लघवी होण्याच्या गोळ्या, काही मानसिक आजारांच्या गोळ्या यांनीही तोल बिघडतो. आमच्या आत्याला उन्हाळ्यात कधीही विचारा, "तहान नाही बाई." तेव्हा विचारायचंच नाही. सकाळी तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचा आणि दुपारी तो रिकामा झाला का ते बघायचं.

तान्ह्या बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने कातडी जास्त, म्हणून ते लवकर गार पडतं. त्याला थरथरता येत नाही. मानेभोवती आणि खांद्यांमध्ये असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब तयार करतं. त्याची योग्य जागा म्हणजे आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ असावं. पण बाळंतिणीच्या खोलीत खिडक्या बंद, शेगडी पेटलेली आणि मेमध्ये बाळाला टोपडं, झबलं, दुपटं, वर शाल हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाळाचा ताप डॉक्टरांनी दुपटी काढून उतरवला. बंद खोलीत पेटती शेगडी तर धुरानेच घात करते.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की रात्री घाम येतो आणि पहाटे चक्क थंडी वाजते. हवा तर तेवढी गार नसते?

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. निरभ्र रात्री तुमचं अंग वरच्या आभाळाकडे उष्णता फेकत असतं, आणि आभाळ हवेपेक्षा कितीतरी गार असतं. याच कारणाने वेण्णा तलावाच्या बाजूला थंडीत पारा शून्याच्या वर असतानाही गाड्यांच्या टपावरचं दव गोठतं. दुसरं म्हणजे चार-पाचच्या सुमाराला तुमच्या मेंदूने स्वतःच पारा खाली आणलेला असतो. नऊ वाजता पायाने लाथाडलेली गोधडी चारला हात चाचपडत शोधतो, तेव्हा हवा दोन-चार अंशच उतरलेली असते. गोधडीही काही गरम नसते. ती फक्त तुमच्या आणि आभाळाच्या मधे येते.